परदेशात मुलांची प्राथमिक शाळा: मराठवाड्यातून निघणाऱ्या आईबाबांसाठी

ऑफर लेटर हातात पडतं, व्हिसाची पळापळ सुरू होते, घरातलं सामान कुणाकडे ठेवायचं यावर चर्चा झडतात, आणि विमानाला तीन आठवडे उरले की मला फोन येतो, "ताई, तिकडं पोरांच्या शाळेचं कसं असतंय?" कुणी वाळूजच्या कारखान्यातून जर्मनीला चाललेलं असतं, कुणी नांदेडहून पुणेमार्गे नेदरलँड्सला, कुणी लातूरची नर्स इंग्लंडला. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मी आठ वर्षं बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. २०१७ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्सला गेलो. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, मुलगी पाच. २०२३ मध्ये परतलो आणि आता संभाजीनगरला असतो. तिथे सहा वर्षांत दोन तऱ्हेच्या शाळा जवळून पाहिल्या. पहिली निवड आमची चुकली होती, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिली पायरी: किती वर्षं, आणि तिथून पुढे कुठं?

शाळा कोणती चांगली, हा प्रश्न नंतरचा. आधी दोघांनी बसून एवढं ठरवा की तिथे किती वर्षं राहायचं आणि त्यानंतर मूल कुठे शिकणार.

आमच्या करारात दोन वर्षं लिहिलेली होती आणि शाळेची फी कंपनी भरणार होती. म्हणून दोन्ही मुलांना इंग्रजी माध्यमाच्या इंटरनॅशनल शाळेत घातलं. दोन वर्षांनी कंपनीने नवऱ्याला तिथल्याच पगारावर कायम केलं. मुक्काम वाढला, पण नव्या करारात फीचं कलम नव्हतं. दोन मुलांची फी आम्हाला झेपणारी नव्हती, तेव्हा मुलांना डच शाळेत हलवावं लागलं. मुलगी सात वर्षांची होती, तिने वर्षभरात भाषा धरली. मुलगा दहाचा. नेदरलँड्समध्ये साधारण बाराव्या वर्षी शाळा ठरवते की मूल पुढे कोणत्या पातळीच्या माध्यमिक शाळेत जाईल. त्याच्या हातात दोनच वर्षं होती. गणितात तो वर्गात पुढे होता, पण गणिताचे प्रश्नसुद्धा डचमधल्या लांबलचक गोष्टीच्या रूपात येतात. त्याला खालचा प्रवाह मिळाला. तो रात्री विचारायचा, "आई, मला येतं तरी मला येत नाही असं का म्हणतात?" ते मला अजून आठवतं.

जर्मनीत ही विभागणी आणखी लवकर होते. तिथली प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चौथीपर्यंतच असते (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत), म्हणजे दहाव्या वर्षीच मुलाची वाट ठरू लागते. पुढे वाट बदलता येते, पण सोपं नसतं.

त्यामुळे विचारणाऱ्यांना मी असं सांगते. मूल सात वर्षांच्या आतलं असेल आणि मुक्काम चार-पाच वर्षांचा होण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर स्थानिक भाषेच्या सरकारी शाळेत घाला. मूल नऊच्या पुढे असेल आणि दोन-तीन वर्षांत परतायचं पक्कं असेल, तर इंग्रजी किंवा भारतीय अभ्यासक्रमाची शाळा बरी. अधल्यामधल्या मुलांसाठी मात्र नियम नाही. मुलाचा स्वभाव, वाचनाची गोडी, आईबाबांना घरी किती वेळ देता येईल, हे सगळं पाहावं लागतं. इंग्लंड-अमेरिकेला जाणाऱ्यांना हा पेच कमी, कारण तिथे सरकारी शाळाच इंग्रजी आणि फुकट.

कंपनी फी भरणार असेल तर करारावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्या: किती वर्षं? प्रवेशाच्या वेळची एकरकमी रक्कम आणि बसभाडं त्यात आहे का? करार स्थानिक झाला तर फीचं काय? हे तीन प्रश्न विचारायला आम्हाला संकोच वाटला होता. तुम्ही संकोचू नका.

शाळांचे प्रकार, थोडक्यात

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली आणि तिचा प्राथमिक कार्यक्रम, ज्याला सगळे पीवायपी म्हणतात, १९९७ मध्ये आला. तो तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. यात विषयांचे कप्पे पाडण्याऐवजी सहा मोठ्या सूत्रांभोवती शिकवतात. 'पाणी' घेतलं तर त्यातच विज्ञान, भूगोल, गणित आणि भाषा येतात. शेवटच्या वर्षी मुलं स्वतः एक प्रश्न निवडून त्यावर काम करतात आणि सगळ्यांसमोर मांडतात. लातूर पॅटर्नच्या हवेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना सुरुवातीला हे पोकळ वाटतं. गुण नाहीत, नंबर नाही, घटक चाचणी नाही. पहिल्या पालकसभेत मी विचारलं, "वर्गात कितवी आहे?" बाईंनी शांतपणे मुलीची वही उघडली आणि ऑगस्टमध्ये ती काय लिहीत होती, नोव्हेंबरमध्ये काय लिहिते, ते दाखवलं. मी स्वतः शिक्षिका असून एका मुलाची वही अशी मागे-पुढे उलटून पालकांना कधी दाखवली नव्हती.

केंब्रिज प्रायमरी हा ब्रिटिश धर्तीचा अभ्यासक्रम पाच ते अकरा वयासाठी आहे. त्यात विषय स्पष्ट वेगळे असतात, टप्पे आखलेले असतात आणि शेवटी चेकपॉइंट नावाची चाचणी असते. परत येऊन भारतात केंब्रिजच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत घालायचं असेल तर हा मधला रस्ता आहे.

आखातात, सिंगापुरात, टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. दुबईत सीबीएसईच्या शाळा भरपूर असून त्यांचं वर्ष आपल्यासारखं एप्रिलमध्ये सुरू होतं. ब्रिटिश किंवा आयबी शाळा ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये उघडतात. दुबईत केएचडीए ही सरकारी संस्था खासगी शाळांच्या तपासणीचे अहवाल, श्रेणीसकट, सगळ्यांना वाचायला ठेवते. एजंटच्या शब्दापेक्षा तो अहवाल वाचा. अरबी हा विषय आपल्या मुलांनाही घ्यावा लागतो.

नेदरलँड्समध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या इंटरनॅशनल प्राथमिक शाळा आहेत. त्यांची फी पूर्ण खासगी शाळांपेक्षा बरीच कमी असते, पण मुक्काम मर्यादित काळाचा आहे असं नोकरीच्या ठिकाणचं पत्र लागतं, आणि जागा मिळायला वाट पाहावी लागते. डच सरकारी शाळा फुकट. नव्या मुलांसाठी बऱ्याच गावांत साधारण वर्षभराचा भाषावर्ग असतो, जर्मनीतही असे स्वागतवर्ग आहेत.

सिंगापूरच्या सरकारी शाळांत परदेशी मुलांना उरलेल्या जागांवरच प्रवेश मिळतो, आणि दुसरी ते पाचवीसाठी एईआयएस नावाची इंग्रजी-गणिताची परीक्षा द्यावी लागते. तिथे प्रत्येक मूल इंग्रजीबरोबर एक मातृभाषा शिकतं. चिनी, मलय आणि तमिळ या अधिकृत. भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दूही घेता येते. त्या यादीत मराठी नाही, म्हणून मराठी मुलांच्या वाट्याला बहुधा हिंदी येते.

वय आणि इयत्ता यांचाही गोंधळ होतो. आपल्याकडे सहा पूर्ण झालेलं मूल पहिलीत बसतं. इंग्लंडमध्ये त्याच वयाचं मूल 'इयर टू'मध्ये असतं, नेदरलँड्समध्ये 'खरूप थ्री'त, आणि स्वीडनमध्ये ते पहिलीच्या आधीच्या वर्गात असतं, कारण तिथे पहिली सातव्या वर्षी. इयत्तेचा आकडा पाहून "वर्ष वाया गेलं" म्हणू नका. वय पाहा.

निघण्याआधी तीन महिने: कागद

सगळ्यात आधी जन्माचा दाखला काढून बघा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून जन्माची नोंद हिंगोलीच्या नगरपरिषदेत आणि बिऱ्हाड संभाजीनगरात, असं घरोघरी असतं. दाखल्यात दुरुस्ती करायची तर नोंद जिथे झाली तिथेच जावं लागतं. अनेक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. हे काम एका खेपेत होईल असं धरू नका.

मग जन्माचा दाखला, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला या तिन्हींवरची नावाची इंग्रजी स्पेलिंगं शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं आणि तिकडच्या शाळेला ते मुलाचंच दुसरं नाव वाटतं. माझ्या मुलाला पहिला महिनाभर बाई त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारत होत्या आणि तो ओ देत नव्हता. अर्जात "हाक मारायचं नाव" वेगळं लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका.

शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि मुख्याध्यापकांचं इंग्रजी पत्र, एवढं शाळेतून घ्या. आपल्या प्रगतिपत्रकावरच्या आकारिक-संकलित या शब्दांवरून आणि 'अ-१' श्रेणीवरून परदेशी बाईंना काहीच उलगडत नाही. म्हणून शाळेच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र मागा: मूल कोणत्या वर्गात होतं, हजेरी किती, मराठी कसं वाचतं-लिहितं, इंग्रजी किती येतं, गणितात कुठवर आलंय. मुख्याध्यापक देतात, पण मे महिन्यात ते भेटत नाहीत. सुट्टी लागण्याआधी जा. मूल परदेशी चाललंय असं कार्यालयात स्पष्ट सांगा, नाहीतर नुसतं नाव कमी होतं आणि पटावर मूल शाळाबाह्य म्हणून दिसत राहतं.

कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल की नाही, हे आधी त्या शाळेला किंवा तिथल्या पालिकेला विचारा. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे युरोपातल्या बहुतेक देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो. जर्मनीने मात्र भारताच्या सदस्यत्वावर आक्षेप घेतलेला आहे, तिथे काय लागतं ते वेगळं विचारून घ्या. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. दुबई-अबुधाबीसाठी मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. शाळेच्या दाखल्यावर बहुतेक वेळा आधी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग राज्य पातळीवरची पडताळणी, मग दिल्ली असा क्रम असतो. परराष्ट्र मंत्रालय हे अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच ते जातात. भाषांतर मात्र इथे घाईने करून घेऊ नका. जर्मनीसारख्या देशांत अनेकदा शपथबद्ध अनुवादकाचंच भाषांतर चालतं.

लसीकरणाच्या कार्डाकडे कुणी लक्ष देत नाही. अंगणवाडीतलं किंवा आरोग्य केंद्रातलं ते कार्ड शोधून त्याची इंग्रजी नक्कल डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी करून घ्या. जर्मनीत मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय शाळा-पाळणाघरात घेत नाहीत. अमेरिकेत आणखी एक अडचण येते. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर लगेच देतात, आणि तिकडे बारा महिन्यांच्या आधी दिलेला डोस धरत नाहीत. शिवाय आपल्या सरकारी लशीत गालगुंडाचा भाग नसतो आणि कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही. बालरोगतज्ज्ञांना देश सांगा आणि उरलेले डोस इथेच, अंतर ठेवून घ्या.

पोचल्यावर: आधी शाळा, मग घर

आपण उलटं करतो. ऑफिसजवळ घर घेतो आणि मग शाळा शोधतो. इंग्लंड-अमेरिकेत सरकारी शाळेची जागा तुमच्या पत्त्यावर ठरते, म्हणून शाळा पाहून त्या भागात घर घ्या. इंग्लंडमध्ये वर्षाच्या मध्ये पोचलात तर स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलासाठी मात्र १५ जानेवारी ही अर्जाची शेवटची तारीख असते. जर्मनी-नेदरलँड्समध्ये आधी पालिकेत राहण्याची नोंद, मग शाळा. शाळेत जाणं तिथे सक्तीचं आहे आणि जर्मनीत घरी शिकवण्याची मुभा नाही, त्यामुळे "सेटल झाल्यावर बघू" म्हणून मुलाला दोन महिने घरी ठेवता येत नाही.

अर्जातला भाषेचा रकाना

घरी कोणत्या भाषा बोलता, असा प्रश्न प्रत्येक अर्जात असतो, आणि आपली माणसं तिथे भीतीपोटी "इंग्लिश" लिहितात. मुलाला कमी लेखतील, मागे बसवतील असं वाटतं. त्यामुळे होतं उलटंच. अमेरिकेतल्या शाळांत या उत्तरावरूनच मुलाची भाषा तपासायची की नाही हे ठरतं आणि त्यावर जादा इंग्रजीचा आधार मिळतो. इंग्लिश लिहिलंत तर तो आधार जातो, आणि वर्गात गप्प बसलेल्या मुलाला शिकण्यातच अडचण आहे असा समज होऊ शकतो.

खरं ते सगळं लिहा. मराठवाड्यातलं मूल दोन-तीन भाषा घेऊनच निघतं. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, निलंगा-उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, गल्लीत दखनी. एका बंजारा कुटुंबाने अर्जात नुसतं "हिंदी" लिहिलं होतं. मी त्यांना गोरमाटी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषा लिहायला लावल्या, आणि प्रत्येक भाषेपुढे बोलते, समजते, वाचते, लिहिते यातलं काय ते. पोरीच्या बाई पुढच्या भेटीत म्हणाल्या, "नऊ वर्षांच्या मुलीला चार भाषा येतात हे आम्हाला कळलंच नसतं."

मुलाची मराठी वही सोबत न्या. तिथल्या शिक्षकांना देवनागरी वाचता येणार नाही, पण ओळीत लिहिलेलं पान पाहून मूल साक्षर आहे, फक्त लिपी वेगळी आहे, हे त्यांना दिसतं.

पहिले सहा महिने

माझी मुलगी शाळेत चार महिने एक अक्षर बोलली नाही. घरी अखंड बडबड, शाळेच्या फाटकात तोंड बंद. मी रडले, नवऱ्याला म्हणाले परत जाऊ. शाळेतल्या बाईंनी समजावलं की नवी भाषा शिकणारी बरीच मुलं आधी असा मौनाचा काळ काढतात, काही आठवडे ते काही महिने. मूल त्या काळात ऐकत असतं, साठवत असतं. पाचव्या महिन्यात ती एकदम पूर्ण वाक्य बोलली.

या काळात मुलाला "आज बोललीस का?" असं रोज विचारू नका. खेळायला एक मित्र मिळवून द्या, शनिवारी घरी बोलवा, पोह्यांची ताटली पुढे ठेवा आणि बाजूला व्हा. मात्र मूल घरीही, मराठीतही गप्प होऊ लागलं, किंवा इथे असतानाच उशिरा बोलायला लागलं होतं, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

याच्या उलट फसगत वर्षभराने होते. मूल मैदानावर फाडफाड बोलू लागतं आणि आपण म्हणतो, झालं. कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं आहे की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, विचार मांडण्याची भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. माझ्या मुलाचं नेमकं हेच झालं. डचमध्ये मित्रांशी भांडायचा सुद्धा, पण इतिहासाचा उतारा वाचून उत्तर लिहिताना अडायचा. बोलणं आलं म्हणून जादा तास बंद करू द्यायचे नाहीत, शाळेकडे आग्रह धरायचा.

घरात मराठीच

शिक्षिका म्हणून आणि आई म्हणून या एका बाबतीत माझी पूर्ण खात्री आहे. तिथे गेल्यावर घरात मोडकं इंग्रजी सुरू करू नका. आपलं डच किंवा जर्मन तर त्याहून कच्चं असतं. शाळेची भाषा शाळा आणि मित्र शिकवतील. आईबाबांनी मुलाला भरपूर शब्द, नीट लांब वाक्यं, गोष्टी आणि "का?"ची उत्तरं द्यायची असतात. ते आपल्याला मराठीतच जमतं. कमिन्स यांचंही म्हणणं हेच आहे की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. बाष्पीभवन म्हणजे काय हे मराठीत पक्कं समजलेल्या मुलाला डचमध्ये फक्त नवा शब्द शिकायचा असतो.

माझे आजोबा अंबाजोगाईचे. निजामाच्या काळी गावाला मोमिनाबाद म्हणत. त्यांचं शिक्षण उर्दूत झालं, घरात मराठी, जुने कागद मोडीत. हैदराबाद संस्थानात तेव्हा १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतून शिकवत. आजोबा म्हातारपणीही हिशोब करताना तोंडातल्या तोंडात उर्दूत आकडे मोजायचे आणि भजन मराठीत म्हणायचे. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी परक्या भाषेत शाळा केली, आणि घरची मराठी टिकली ती घरात बोलली गेली म्हणून.

प्रमाण मराठीच बोलली पाहिजे असंही नाही. आमच्या सासूबाई औशाच्या. त्या व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "काय करूलालीस ग बाई?" आणि मुलगी तसंच उत्तर द्यायची, "चित्र काढूलाले." तिला आजीशी बोलायची ओढ होती, म्हणून ती बोलली. आजी-आजोबांना रोजची ठरलेली वेळ द्या. नुसतं "जेवलीस का?" नको. आजीने शेतात काय पेरलं, बैलाला काय झालं, अशी चालू गोष्ट सांगावी म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी पुढचं विचारतं.

लिपीसाठी दिवसाचे पंधरा मिनिटं पुरतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने ठिकठिकाणी मराठी शाळा भरतात, युरोप-सिंगापुरातही महाराष्ट्र मंडळं आहेत. लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं. स्वीडनमध्ये नगरपालिकेकडेच मातृभाषेचा तास मागता येतो. साधारण पाच मुलं आणि शिक्षक मिळाले तर तो सुरू करावा लागतो, तेव्हा चार मराठी घरं गाठून अर्ज करा.

पाढे मराठीतच ठेवा. एक गंमतीची गोष्ट तिथे लक्षात आली: जर्मन आणि डचमध्ये एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीची सवय असलेली मुलं तिथे अडखळत होती. माझी मुलगी मराठीतून थेट उडी मारून पुढे गेली. तिथे दशांश चिन्हाला टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, तेवढं मात्र आधी दाखवून ठेवा.

डबा आणि सुट्ट्या

आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट सगळीकडे असतो: वांग्याच्या भाजीत, खिचडीत, कोशिंबिरीत, वर चटणी वेगळी. परदेशात बऱ्याच शाळांत शेंगदाणा आणि सुकामेवा वर्गात आणायला बंदी असते, कारण एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. पहिल्याच दिवशी शाळेला विचारा आणि डब्याची भाजी कुटाशिवाय करायची सवय लावा. पोळीला तूप-साखर लावून केलेली गुंडाळी कुठेही चालते.

सुट्ट्यांचं मनाविरुद्ध आहे, पण मान्य करावं लागतं. आपली लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि त्यांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. चुलत बहिणीच्या लग्नाला आठवडाभर मुलाला घेऊन गेलं तर युरोपात बऱ्याच ठिकाणी दंड होऊ शकतो. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक पालकामागे ८० पौंड आहे, उशीर केला तर १६०. सणासाठी एखाद्या दिवसाची रजा मिळू शकते, त्यासाठी अर्ज आधी द्या. कार्याची तारीख काढतानाच घरच्यांना हे सांगितलेलं बरं. आमची मुलं जुलैत गावी यायची. पेरणी झालेली असायची, मूग उगवलेला, ओढ्याला पाणी. त्यांना गाव तसंच ठाऊक आहे, हिरवं.

परतताना

परतायचं असेल तर नववी सुरू होण्याआधी परता. सीबीएसईत दहावीच्या बोर्डाची नोंदणी नववीपासून होते, आणि त्यानंतर शाळा बदलणं कटकटीचं होतं. आमचा मुलगा नववीतच आला, त्याला ते वर्ष फार जड गेलं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असतं, त्या कायद्याचा आधार घेऊन शाळेशी बोला.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, मग शाळा सीबीएसईची असो वा आयबीची. म्हणजे परतल्यावर मुलासमोर देवनागरी येणारच. तिथे असताना रोज पंधरा मिनिटं वाचलेलं इथे उपयोगी पडतं. निघताना तिथल्या शाळेचे सगळे अहवाल, हजेरीचं पत्र आणि शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र इंग्रजीत मागून घ्या. नंतर ईमेलने मिळवायला महिने जातात.

आणि तिथली भाषा लगेच सोडू देऊ नका. माझी मुलगी आजही दर रविवारी तिच्या जुन्या वर्गमैत्रिणीशी तासभर डचमध्ये बोलते, आणि मध्येच आजीचा आवाज आला की मान वळवून औशाच्या मराठीत उत्तर देते.